खालच्या माणसाची चावी

सोनू, ती चावी सीटवर टाकू नकोस रे. मशीनखाली ऋतिक जाणार आहे ना? मग त्याच्या खिशात दे. दे म्हणतो ना! आणि हसू नका. आजकालच्या पोरांना सगळ्याचंच हसू येतं. पुसदहून मशीनचं नवं सील येईपर्यंत आपल्याला बसूनच राहायचंय, तेव्हा शेकोटीत कापसाच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या टाका आणि ऐका. गोष्ट माझ्या ओळखीतल्या प्रफुल्लची आहे. त्यानं ती मला स्वतः सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही. खोटी वाटली तर घरी जाताना नदीच्या पुलावरून एकेकटे जा, मी काही अडवणार नाही.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. तुळशीची लग्नं आटोपली होती, शेतं कापसानं पांढरी झाली होती. बुधवारची रात्र, चंद्र उशिरा निघणारा. प्रफुल्ल पुसदहून तेलाचा नवा पाइप घेऊन निघाला होता. त्याची छोटी पोकलेन महागावकडच्या एका शेतात पाइपलाइनसाठी नाली खोदत होती. संध्याकाळी मशीनच्या पोटाखालचा पाइप फुटला. ऑपरेटरची बायको बाळंत व्हायची होती, तो फोन करून आपल्या घरी गेला. इकडे शेतकऱ्याचा हरभरा पाण्यावाचून खोळंबलेला. म्हणून प्रफुल्लनं पाइप, पाने आणि उजेडासाठी हातातली बॅटरी गाडीत टाकली आणि एकटाच निघाला.

एकटाच. आपल्याकडे असं कोणी करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मशीन बंद पडली की आपल्या मशीनवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. जवळचा कोणी ना कोणी हातातलं काम सोडून येतो. बाबूसिंग पिन आणतो, कोणी ग्रीस, कोणी नुसताच येऊन सल्ले देत बसतो, माझ्यासारखा. ही सवय लावली संघर्षनं. रुखमाबाईचा एकुलता एक पोरगा. जेवणाचं ताट सरकवून दुसऱ्याच्या मशीनखाली शिरणारा.

चावीचा नियमही त्याचाच. जो मशीनखाली जाईल, चावी त्याच्या खिशात, म्हणजे वरच्याला मशीन चालूच करता येऊ नये. खाली शिरण्याआधी तो हात पुढे करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चावी." मग शर्टाच्या खिशाचं बटन लावायचा. खालचं काम झालं की मशीनच्या लोखंडी पट्ट्यावर, ट्रॅकवर, पान्यानं दोनदा ठोकायचा. वरच्यानं समजून घ्यायचं.

संघर्ष आणि प्रफुल्ल शाळेपासूनचे दोस्त. मशिनी दोघांनी बरोबरच आणल्या, एकाच कंपनीच्या. चाव्या सारख्याच दिसायच्या, म्हणून रुखमाबाईनं संघर्षच्या चावीला आपल्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधून दिली आणि प्रफुल्लच्या चावीला लाल. चाव्या नुसत्या दिसायलाच सारख्या नव्हत्या. एका कंपनीची चावी त्या कंपनीच्या कुठल्याही मशीनला लागते. याची त्याला, त्याची याला. आपल्याला तर हे सोयीचंच वाटायचं. नियम करताना ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर, संघर्षची मशीन बिघडली. मदतीला प्रफुल्ल होता. बकेट जमिनीवर दाबून मशीन एका बाजूनं उचललेली. संघर्ष खाली. चावी त्याच्या खिशात, बटन लावलेलं. अंधार पडला, बॅटरी मंद झाली. खालून तो म्हणाला, "उजेड कमी पडून राह्यला रे, प्रफुल्ल."

तेवढंच. प्रफुल्लला वाटलं, मशीनचा लाइट लावून द्यावा, बिचारा किती वेळ डोळे ताणून काम करतोय. तो वर चढला आणि त्यानं आपल्या खिशातली लाल चिंधीची चावी लावली. नुसत्या लाइटसाठी. ती एक टप्पा जास्त फिरली. इंजिन सुरू झालं. तो दचकला, कोपर लिव्हरला लागलं, उचललेली मशीन खाली...

पुढचं मी सांगत नाही.

इथवर तो अपघात होता, पोरांनो. मी माफ केला असता. रुखमाबाईनं तर आधी केला असता. पण आवाज ऐकून लोक धावत येत होते आणि प्रफुल्ल घाबरला. संघर्षला बाहेर ओढताना त्यानं त्याच्या खिशाचं बटन काढलं, निळ्या चिंधीची चावी काढून घेतली. ती खिशात सापडली असती, तर मशीन कोणाच्या चावीनं सुरू झाली हे लोकांनी विचारलंच असतं. आपली चावीही मशीनमधून काढली. पुसदच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संघर्ष गेला होता. परतताना प्रफुल्लनं ती निळ्या चिंधीची चावी पूस नदीच्या पुलावरून खाली टाकली. लोकांनी विचारलं, चावी कुठं होती? तो म्हणाला, "मशीनलेच होती. धावपळीत कुठं पडली काय माहीत."

झालं. ज्यानं नियम केला तोच विसरला, असं गावोगाव झालं. नव्या पोरांना शिकवताना लोक म्हणायचे, संघर्षसारखं करू नका. मीसुद्धा म्हणालोय, माझी जीभ झडो. हे सगळं रुखमाबाईच्या कानावर जायचं. ती माउली बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलेल्या पोराच्या फोटोवर चिडायची. रडायची नाही, चिडायची. "साऱ्या दुनियेले शिकवलं अन् सोता कसा भुलला रे? मायचा इचार नाई आला तुले?"

प्रफुल्ल हे ऐकायचा. तिच्याकडे किराणा पोचवायचा, दळण आणून द्यायचा, आणि ओसरीवरूनच परत फिरायचा. खरं सांगावं असं रोज त्याच्या ओठावर यायचं. तोंड उघडायचं नाही. मदतीला कोणाला बोलावणं मात्र त्यानं बंद केलं. आपल्या मशीनखाली कोणी शिरावं, हेच त्याला सोसत नव्हतं.

तर, त्या बुधवारी तो शेतात पोचला. मशीन नालीवरच उभी होती. एक ट्रॅक या काठावर, एक त्या काठावर, पोटाखाली खोल नाली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. शेजारच्या शेतात रानडुकरं पळवायला लावलेला भोंगा तेवढा थांबून थांबून ओरडत होता. "हुर्र... हो... हो..."

त्यानं फुटका पाइप काढला. नवा लावायला घेतला. हे काम दोघांचं. खालच्यानं नट धरायचा, वरच्यानं फिरवायचा. तो नालीत उतरून नट धरायचा, वर चढायचा, तोवर नट सुटायचा. पुन्हा खाली. पुन्हा वर. घामानं निथळला. शेवटी ट्रॅकला टेकून उभा राहिला आणि एकदम त्याला रडू आलं. पाइपाचं नव्हे.

"असता तं आला असता," तो मोठ्यानं म्हणाला. "न बोलावता आला असता तू."

भोंगा थांबला.

प्रफुल्लला आधी कळलं नाही, काय बदललं ते. मग कळलं. आवाजच नाही. कशाचाच नाही.

नालीतून एक हात वर आला. तळवा उघडा. ग्रीसनं काळा.

"चावी."

बघा, सवय कशी असते. आपला कोणीतरी आला असेल, गाडीचा उजेड बघून उतरला असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याचा हात खिशात गेला. लाल चिंधीची चावी त्यानं त्या तळव्यावर ठेवली. हात खाली गेला. बटन लावल्याचा बारीकसा आवाज आला.

"कोन हाय? बाबूसिंग?"



खालून नट धरला गेला. घट्ट. प्रफुल्लनं वरून पाना फिरवला. एक आटा. दुसरा. हातांना काम सापडलं की माणूस विचार करत नाही. पाइप नीट बसत होता. खालचा माणूस जाणकार होता. कुठं दाब द्यायचा, कुठं ढील सोडायची, त्याला सांगावं लागत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी प्रफुल्लला बरं वाटलं.

मग बॅटरी मंद झाली.

पिवळी झाली.

खालून आवाज आला. शांत. ओळखीचा.

"उजेड कमी पडून राह्यला रे, प्रफुल्ल."

पाना हातातून सुटला. तो पडल्याचा आवाज आला नाही.



"लाइट लाव ना."

"कसा लावू... चावी तं... तुह्याजवळ हाय."



"हाव," आवाज म्हणाला. "त्या रातीबी माह्याजवळच होती."

...

रागावलेला आवाज नव्हता, पोरांनो. हे सांगताना प्रफुल्ल लहान मुलासारखा रडला. रागावलेला असता तर सोसता आलं असतं, म्हणाला. थकलेला होता. दिवसभर राबलेला माणूस बोलतो तसा.

"मायले सांगजो."

मग ट्रॅकवर दोनदा ठोकल्याचा आवाज झाला.

ठक.

ठक.

आणि शेजारच्या शेतातला भोंगा पुन्हा ओरडायला लागला.

चंद्र वर येईपर्यंत प्रफुल्ल तिथंच बसून होता. मग त्यानं खाली वाकून पाहिलं. नाली रिकामी. तळाच्या ओल्या मातीत पावलं होती ती त्याचीच, त्याच्याच बुटांची. नट मात्र असा कसलेला, की पान्यानंही हलेना. चावी त्यानं सगळीकडे शोधली. मातीत, ट्रॅकवर, सीटवर, गाडीत. खिसे उलटे करून पाहिले. नव्हती.

उजाडता उजाडता तो रुखमाबाईच्या दारात उभा राहिला. ती अंगण झाडत होती.

"कारे बाप्पा, इतक्या सकाळी? अन् हा कसा अवतार?"

तो ओसरीवर थांबला नाही. पहिल्यांदा घरात गेला, फोटोसमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. उजेडाचं, लाल चिंधीच्या चावीचं, कोपराचं. खिशाचं बटन काढल्याचं. पुलाचं. मग रात्रीचं.

रुखमाबाई त्याच्यासमोर बसून ऐकत राहिली. खराटा तिच्या हातातच होता. सांगून झाल्यावर प्रफुल्लनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

मग ती उठली. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी संघर्षचा शर्ट होता, दवाखान्यातून आलेला.

"हा म्या माह्या हातानं धुतला," ती म्हणाली. "खिसा रिकामा होता. दहादा पाह्यला होता म्या. चावी असन, चावी असन म्हून. नोती. तईपासून पेटीत हाय. उघडला नाई कोनं."

तिनं घडी मोडली.

शर्टाच्या खिशाचं बटन लावलेलं होतं. आणि खिसा जड होऊन खाली ओढला गेला होता.

रुखमाबाईच्या बोटांना ते बटन निघेना. प्रफुल्लला तिकडे हात न्यायचा धीर होईना. शेवटी तिनंच काढलं.

आत दोन चाव्या होत्या. एक लाल चिंधीची. एक निळ्या चिंधीची. निळी चिंधी ओली होती, तिच्यात नदीची वाळू होती.

रुखमाबाईनं ती निळ्या चिंधीची चावी मुठीत धरली, गालाला लावली. इतक्या दिवसांत न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

"घेतलती रे बाप्पा," ती फोटोकडे पाहत म्हणत राहिली. "माह्या पोरानं चावी घेतलती. माह्यं लेकरू नाई भुललं... नाई भुललं..."

...

तो बघा, गाडीचा लाइट दिसतोय. सील आलं वाटतं.

ऋतिक, खाली जायच्या आधी खिशाचं बटन लाव. आणि बाकीच्यांनो, आपापल्या चाव्याही त्याच्याचकडे द्या.