चादरीवर एकही कण पडला नाही

मी गल्लीतला एक नंबरचा थापाड्या आहे, कबूल. पण ही थाप नाही. गेल्या उन्हाळ्यातला रविवार, संध्याकाळची वेळ, शेजाऱ्याचं गॅरेज. मी स्वतः तिथे होतो.

शेजारी पंप-मेकॅनिक. म्हणून सगळे त्याला ‘पंप’च म्हणतात. त्यानं एका बंद पडलेल्या वखारीतून गोल पात्याची करवत आणली, टेबलासकट.

वहिनींना दमा. त्यांनी नवऱ्याला ठणकावलं, "भुशाचा एक कण घरात आला, तर मशीन भंगारात!"

मग पंपनं टेबलाखाली जाड पाइप लावला, पाइपाला ब्लोअर, ब्लोअरला पत्र्याचा ड्रम. सगळा भुसा खेचून थेट ड्रममध्ये.

"एक कण बाहेर पडला तर मिशी उडवीन. भर गल्लीत," तो म्हणाला. "नाही पडला तर तुझी!"

"डन!"

करवतीखाली पांढरी चादर अंथरली. लाकूड काळं शिसवी. कण पडला की दिसणारच.

जिंकायच्या नादात पंपनं टेबलाची प्रत्येक फट टेपनं बुजवली. अरे गाढवा, भुसा खेचायचा तर हवेला आत यायला वाट नको? आणि हा म्हणे पंप-मेकॅनिक!

आता हवेला एकच फट उरली. पात्याची.

पहिला काप... चादर स्वच्छ.

दुसरा काप... स्वच्छ.

"काढ वस्तरा!" पंप ओरडला. बटणं बंद करून त्यानं ऐटीत ड्रम उघडला.

ड्रम रिकामा.

"चावटा, तूच काहीतरी केलंयस!"

"आईशप्पथ, हातसुद्धा लावला नाही!"

तेवढ्यात ऐकू आलं...

सूंऽऽऽ...

कुणीतरी श्वास आत घेत होतं. नुसता आत. सोडतच नव्हतं.

मी धावत जाऊन प्लग उपसला.

आवाज वाढला.

"झालं का तुमचं?" नाका-गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून वहिनी आत आल्या.

स्कार्फचं टोक हवेत ताठ झालं... आणि सट्‌कन पात्याच्या फटीत गेलं.

वहिनी टेबलावर आपटल्या. गळा आवळला. डोळे बाहेर.

आणि पातं फिरायला लागलं.

प्लग माझ्या हातात होता हो!

वहिनींचा चेहरा पात्यापासून वीतभर राहिला, तेव्हा पंपनं मध्ये हात घातला. कर्रऽऽ... दोन बोटं गेली. मी कटरनं स्कार्फ कापला, वहिनींना मागे खेचलं. पंपनं दुसऱ्या हातानं हातोडा उचलला आणि शिव्या देत पाइप फुटेपर्यंत हाणला.

पातं थांबलं.

पंपच्या हातातून रक्ताची धार लागली होती. पण ती खाली पडत नव्हती... आडवी जात होती. फटीत.

चादर पांढरीशुभ्र.

बोटं आम्ही सगळीकडे शोधली. ड्रम फोडला, टेबल खोललं. मिळाली नाहीत.

करवत, पाइप, ड्रम, सगळं भंगारात गेलं. गॅरेज झाडून रिकामं केलं, शटर बंद.

पंप दवाखान्यातून आला तो थेट माझ्या दारात. "कण पडला का? नाही ना? मग बस खुर्चीत!"

त्याच्याच शटरसमोर खुर्ची मांडली. गल्ली लोटली. पोरं शिट्ट्या मारतायत. न्हाव्यानं माझ्या गळ्यात कापड बांधलं, कात्री चालवली. डावी बाजू साफ.

"सोललेला बटाटा!" वहिनी हसल्या. गळ्यावरचा वळ अजून काळानिळा होता.

न्हावी थबकला.

"भाऊ... केस कुठे गेले?"

कापडावर एकही केस नव्हता. वारा नव्हता. तरी फरशीवरून माझे केस ओळीनं सरकत होते... शटरखालच्या फटीकडे.

पंपचं हसू विरलं. "आत काहीच नाहीये रे," तो पुटपुटला.

शिट्ट्या थांबल्या. न्हाव्यानं कात्री मागे घेतली. "उजवी राहू दे का?"

"पैज आहे. उडव."

त्यानं कात्री लावली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

कारण खुर्ची सरकायला लागली होती.