नऊ नंबरची रेषा

छकुली दुपारी झोपली की काम उरकायचं, असा तिच्या आईचा बेत असे. पण पोरगी झोपेल तर ना! बाबा गेल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याची थोपटायची एक तऱ्हा होती. पाठीवर दोन हलक्या थापा, जरा थांबणं, मग एक. हिने तसं करून पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. पोरगी काही बधेना.

टेकडीवरच्या पवनचक्क्या वीजजाळ्याला जोडल्यावर कशा वागतील, हे ती घरी बसून संगणकावरच्या मॉडेलमध्ये चालवून बघायची. त्यातल्याच नऊ नंबरवर तिचा नवरा दुरुस्तीला चढला होता. परत आला तो चादरीत गुंडाळलेला.

तिने मॉडेलमधला वारा शून्य केला. सगळ्या रेषा सपाट झाल्या. फक्त नऊ नंबरची नाही. तिच्यावर बारीक उचक्या उमटत होत्या. दोन. मग थांबणं. मग एक.

आकडेमोडीची चूक असणार. तिने समीकरणं तपासली, दुसऱ्या संगणकावर चालवून पाहिलं. तेच. मग तिने तपासणं सोडलं. स्वयंपाक करतानाही पडदा चालूच ठेवू लागली. घरात कुणीतरी बसल्यासारखं वाटे.

आज साहेबांचा फोन आला.

"ताई, नऊ नंबर काढा की आता. चक्की पाडली, तरी मॉडेलमध्ये कशाला पोसताय?" ते हसले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे... दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. मीच काढते."

आत छकुलीचं रडणं चालूच होतं. तिने बराच वेळ बटणावर बोट नुसतं टेकवून ठेवलं.

"जा रे आता," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

पुन्हा वारा शून्य. सगळ्या रेषा सपाट.

ओढणी तोंडात कोंबून ती रडली. रडं ओसरलं तेव्हा लक्षात आलं, आतूनही आवाज येत नाहीये.

मागच्या दाराने सासूबाई रिकामी बादली घेऊन आल्या.

"झोपवलीस होय गं? बरं झालं. मी आपली मघापासून कपडे वाळत घालतेय."

तिने खोलीचं दार हळूच लोटलं.

छकुली पालथी, गाढ झोपलेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पाठीवरचं पातळ पांघरूण किंचित दबलं. पुन्हा दबलं.

थांबलं.

मग एकदा.