खरा ठरलेला अंदाज

'रोहिणी' अवकाशस्थानकाचा स्वयंचलित जोडणी-संवेदक सकाळी सव्वादहाला बंद पडला. त्या वेळी 'वारू' हे यान चार माणसं घेऊन स्थानकाकडे निघालेलं होतं, आणि त्यात इंधन होतं एकाच प्रयत्नापुरतं. आता चालक तबस्सुम मुलाणी हिला यान हातानं नेऊन स्थानकाला जोडावं लागणार होतं. तिच्या हातात पन्नास मिनिटं होती.

पुण्याच्या नियंत्रण कक्षात प्रत्येकालाच एकदम काहीतरी करायचं सुचलं. कुणी फोन लावत होतं, कुणी लावलेला फोन ठेवत होतं. सुलक्षणा धायगुडेनं तबस्सुमचं नेत्रानुगामी पटल, म्हणजे चालकाची नजर टिपत चित्रं दाखवणारा यानातला पडदा, तपासायला घेतलं. ते पटल तिनंच घडवलं होतं, म्हणून तिला सगळ्यात जास्त धाकधूक होती. गेल्या पाच मिनिटांत तिनं पेनाचं टोपण चावून पार चपटं केलं होतं.

"पटलावर अक्षरं नाहीत ना? मग भाषेचा घोळ होणार नाही," उड्डाणप्रमुख नाडगौडा मागे उभे राहून म्हणाले. हे ते स्वतःलाच समजावत असावेत.

"अक्षरं काढली, सर, पण दिशा राहतेच. दोन चित्रं शेजारी शेजारी असतात. एकात यान आत्ता कुठे आहे ते दिसतं, दुसऱ्यात दहा सेकंदांनी कुठे असेल ते. पहिलं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे माणूस ज्या दिशेनं वाचतो त्यावर ठरतं. म्हणून मराठी वाचणाऱ्याला 'आत्ता' डावीकडे दाखवतो आणि अरबी वाचणाऱ्याला उजवीकडे."

"आणि उलटं झालं तर?"

शेजारच्या खुर्चीवरून डॉ. टिल्लू बोलले. डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि डोक्यावरचे केसही. "केशतेलाची जाहिरात बघता ना? डावीकडे टक्कल, उजवीकडे झुलपं. ती उजवीकडून बघणाऱ्याला वाटेल, तेल लावलं की माझ्यासारखं होतं. इथे स्थानक जवळ येत असताना ते लांब जातंय असं वाटेल. मग बाई वेग वाढवेल आणि यान स्थानकावर आदळेल."

नाडगौडा घड्याळाकडे गेले.

सुलक्षणानं पटलाची नोंद उघडली. दिशा: उजवीकडून डावीकडे. तिनं समाधानानं मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेली.

"थांब," टिल्लू म्हणाले. "उजवीकडून का?"

"उर्दू वाचते ना ती."

"तुला कुणी सांगितलं?"

सुलक्षणा त्या ओळीकडे परत आली. कुणीच सांगितलं नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी एकोणीस चालकांची यादी आली होती. त्यात नावं होती, पण भाषेचा रकाना रिकामा होता. पटलं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. तिनं चहा पिता पिता नावं वाचली आणि दहा मिनिटांत रकाना भरून टाकला. कुणाची गैरसोय होऊ नये इतकाच तिचा हेतू होता. सराव सुरू झाला की पटल नजर मोजेल आणि चुकलं तर सांगेल, याची तिला खात्री होती. तिनं घाईघाईनं संपर्क जोडला.

"तबस्सुम, एक विचारते. तू पहिल्यांदा वाचायला शिकलीस ते उर्दू का मराठी?"

"उर्दू?" तबस्सुमचा आवाज आला. "मॅडम, कवठेमहांकाळजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले मी. आमच्या घरात कुणालाच उर्दू वाचता येत नाही. का हो?"

"तुझं पटल उलटं आहे गं! नऊ महिने उलटं आहे!"

"असं होय! म्हणून पहिले पंधरा दिवस डोकं भणभणायचं माझं. मला वाटलं, यानाचं पटल असंच असणार. आमच्यातली पहिलीच इथवर आलेली मी, तक्रार कुठे करत बसू? मग सवय झाली."

सुलक्षणाचं तोंड लाजेनं तापलं. पण लाजत बसायलाही वेळ नव्हता. एकतीस मिनिटं उरली होती. तिनं दिशा बदलली आणि म्हणाली, "केलं सरळ. एक सराव फेरी घेऊन बघ."

सराव फेरीत यान आभासी असतं, पटल आणि नजर मात्र खरी. तबस्सुमनं फेरी सुरू केली. दोनशे मीटरवर तिनं अचानक वेग वाढवला, आणि पटल लाल झालं. यान आदळलं होतं.

"परत घेते," ती म्हणाली. "डावीकडून बघायचं. डावीकडून."

दुसऱ्या वेळी तिनं स्वतःला बजावून सुरुवात केली. चाळीस मीटरपर्यंत जमलं. त्यानंतर चित्रं अर्ध्या अर्ध्या सेकंदाला बदलू लागली, बजावायला सवड उरली नाही, आणि पटल पुन्हा लाल झालं. यानातल्या कुणाचा तरी मोठा श्वास इथपर्यंत ऐकू आला.

टिल्लूंनी तोवर तबस्सुमच्या नजरेच्या नोंदी पडद्यावर घेतल्या होत्या. "हे बघ. पहिल्या दिवशी तिची नजर डावीकडून निघते. पटल म्हणतं, नवखी आहे, चुकते. विसाव्या दिवशी निम्मीनिम्मी. चाळिसाव्या दिवसापासून चित्र दिसलं की नजर उजवीकडेच जाते, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा. तुझं पटल तिच्या डोळ्यांकडून शिकेल असं तुला वाटलं होतं. तिचे डोळे पटलाकडून शिकले."

"मग चित्रं एकाखाली एक लावू. सगळेच वरून खाली वाचतात."

"नवी मांडणी यानात चढवायला किती वेळ लागेल?"

"चार तास," सुलक्षणा म्हणाली. चूक सुधारली तर चार माणसं जाणार होती आणि स्थानकातली सातही. तशीच ठेवली तर वाचणार होती. असलं विचित्र गणित तिनं आयुष्यात कधी सोडवलं नव्हतं. तरीही बोटं कळफलकावर हलेनात. चुकीचं म्हणून माहीत असलेलं पुन्हा आपल्या हातानं करायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"मॅडम," तबस्सुम शांतपणे म्हणाली, "उलटं करा परत. मला सरळ दिसत नाही आता."

सुलक्षणानं दिशा उलटी केली.

त्यानंतरची बावीस मिनिटं कक्षात कुणी खुर्चीत टेकलं नाही. नाडगौडा भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. टिल्लू स्वतःच्या टकलावरून सारखा हात फिरवत होते. शेवटच्या वीस मीटरवर तबस्सुमनं सात वेळा वेग कमी केला आणि दोनदा वाढवला, प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदाच्या आत. अकरा वाजून सहा मिनिटांनी 'वारू' स्थानकाला लागलं. आत धक्कासुद्धा बसला नाही.

टाळ्या वाजल्या, पेढे मागवायला कुणीतरी धावलं. सुलक्षणा मात्र अहवाल उघडून बसली. तिनं खरं तेच लिहिलं: चालकाची दिशा नावावरून ठरवली होती. अंदाज चुकीचा होता.

पडद्यावर संगणकाचं उत्तर आलं: नोंद अमान्य. नजरेचा पुरावा अठ्ठ्याण्णव टक्के अनुकूल. अंदाज अचूक.

तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. खाली आणखी एक ओळ आली होती. एकोणीसपैकी एकोणीस अंदाज अचूक ठरल्यामुळे नावावरून दिशा ठरवण्याची पद्धत पुढच्या तुकडीसाठी आपोआप लागू केली आहे. पुढच्या तुकडीत चौसष्ट नावं होती आणि रकाना भरून झाला होता.

"या एकोणिसांतले आणखी किती..." ती पुटपुटली.

"त्यांच्या आत्ताच्या नजरेवरून कळायचं नाही," टिल्लू म्हणाले. त्यांच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. "तू डोळे मिटून रकाना भरला असतास, तरी एकोणिसाच्या एकोणीस अचूकच आले असते."

सुलक्षणानं आधी ती पद्धत बंद केली. चौसष्ट माणसांना एकेक फोन करून विचारायचं तिनं ठरवलं आणि यादी बाजूला काढली. तेवढ्यात स्थानकावरून तबस्सुम बोलू लागली.

"मॅडम, आईचा निरोप वाचत होते. नजर आधी ओळीच्या शेवटाकडेच जाते. 'काळजी घे' आधी वाचलं, 'तबू' नंतर. हे जाईल ना?"

सुलक्षणानं टिल्लूंकडे पाहिलं. "पटल सरळ केलं तर चाळीसेक दिवसांत जाईल," ते हळूच म्हणाले.

परतीचं उड्डाण एकविसाव्या दिवशी होतं. चालक तबस्सुमच होती.

सुलक्षणानं तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या: पटल सरळ केलं तर नजर चाळीस दिवसांत सुधारेल, पण एकविसाव्या दिवशी ती निम्मीनिम्मीच असेल. काही न लपवता सांगितल्या, नावांची यादी आणि ती दहा मिनिटंसुद्धा. मग म्हणाली, "चूक माझी आहे. तुला कसं हवंय ते तू सांग. तू म्हणशील तसं करते."

तबस्सुमनं परतीचा दिवस पुन्हा एकदा विचारून घेतला.

"नऊ महिन्यांत आज विचारलंत, मॅडम," तबस्सुम म्हणाली. "आणि आज मला एकच उत्तर देता येतंय. तिघांना घेऊन खाली यायचंय मला. उलटंच राहू द्या."

सुलक्षणानं पटलाची दिशा होती तशी ठेवली. अहवाल सहीसाठी थांबला होता, आणि दुसरं काही लिहिलेलं तो घेत नव्हता. अंदाज अचूक, असं लिहिलेल्या ओळीखाली तिनं सही केली.