जो मिळेल तो प्रोसेसर

केळापूर रस्त्यावरच्या आमच्या सहकारी जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा तो शेवटचा दिवस होता. मी वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे कशी आली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यामुळे पुढचं मी बरोबर पाहिलं की नाही, याचीही खात्री देत नाही.

कापूस घेऊन येणाऱ्या बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, नंबर पुकारणं, वजन घेणं, पावती छापणं हे सगळं एक व्हर्च्युअल मशीन करायचं. म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याला हात लावता येत नाही. जुना सर्व्हर तापून बंद पडण्याच्या बेतात होता, म्हणून यवतमाळहून अतुल नवा जोडायला आला. पण नव्याचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, वेगळ्या कंपनीचा निघाला. चालतं मशीन अशा सर्व्हरवर हलवता येत नाही, आधी बंद करावं लागतं. आणि बंद केलं की रांग पुसली जाते.

खिडकीशी शकुबाई उभ्या होत्या. रांगेत शेवटची बंडी त्यांची.

"काकाजी, माहा नंबर लागन ना? घरभर कापूसच होता. परवा पोरीचं लगन हाये तिथंच. हा वापस नेला तं नवरदेवाले कापसावर बसवू काय?"

"बसवा ना मावशी, गादीचं काम नाही," अतुल हसला.

"तुले बसवतो आधी. काम कर."

अतुलने मशीनची प्रोसेसरबद्दलची अट काढून टाकली आणि त्या जागी निवडलं, 'जो मिळेल तो'. मग हलवण्याची आज्ञा दिली. तेवढ्यात जुन्या सर्व्हरमधून जळका वास आला आणि सर्व्हर विझला.

बाहेर भोंग्यावर पुढचा नंबर पुकारला गेला.

नव्या सर्व्हरवर काहीच चालत नव्हतं. अतुलने त्याचीही वायर उपटली. तरी वजनकाट्याजवळ पावती छापली जात होती.

"मग हे चालून कुठं राह्यलं?"

त्याने लॅपटॉपवरून मशीनलाच विचारलं, तुझ्याकडे प्रोसेसर किती? उत्तर आलं, एकेचाळीस. एक बंडी फाटकाबाहेर पडली, तिच्यावर दोघे होते. एकोणचाळीस.

मी आवारातली माणसं मोजली. माझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून पुन्हा मोजली. आम्हा दोघांना धरून तेवढीच होती.

"बैल धरले नाही यानं," अतुल पुटपुटला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. खरं तर मलाही भीती वाटली नाही. पुढे काय होतं ते पाहावंसं वाटत होतं.

बंड्या बाहेर पडू लागल्या तसा भोंग्यातला आवाज लांबत गेला. एकेक आकडा उच्चारायला त्याला श्वास पुरेना. ऊन कलताना शकुबाई, मापारी आणि आम्ही दोघे उरलो. चार.

मापारी चहाला फाटकाबाहेर निघाला.

"हलू नको रे!" अतुल ओरडला.

"काहून? चहा पण बंद केला काय?"

पण तो थांबला. शकुबाई कापसावर हात ठेवून उभ्या राहिल्या. फार वेळ गेला. मग पावती आली.

"झालं बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि रिकामी बंडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या.

आकडा चारच राहिला.

"एक कमी व्हायले पाहिजे होता. यानं मावशीले सोडलंच नाही," अतुल म्हणाला.

रस्त्यावरून शकुबाईंनी बैलांना हाक देत हात उचलला.

अतुलने लॅपटॉपवर मशीन थांबवण्याचं बटण दाबलं.

हात वरच राहिला. बैल चालत होते. पदर वाऱ्यावर हलत होता.

हात नाही.

अतुलने घाईने मशीन पुन्हा चालू केलं.

हात खाली आला, आणि शकुबाईंनी अर्धवट राहिलेली हाक पुरी केली.