खारपाणपट्ट्यातलं वरण

डोळे मिट आणि चल माझ्यासोबत. मूर्तिजापूरच्या अलीकडचं एक शेत. जानेवारीची दुपार. तुरीच्या ओळी संपतात तिथं गोवऱ्यांचा विस्तव आहे आणि त्यात कणकेचे रोडगे भाजताहेत. धूर नाकात शिरला? बरं. आता बांधावरून कोण येतंय बघ... खांद्याला पिशवी, ओढणीला चिकटलेल्या कुसळांशी भांडत. ही प्रियदर्शनी. अमरावतीची. गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच रुजू झालेली.

तिला फक्त म्हाताऱ्या देवरावांचं ब्लडप्रेशर तपासायचं होतं. पण रोडग्याच्या पंगतीतून उपाशी कोण जाऊ देतं?

"बसा मॅडम," राखेतला रोडगा फडक्यावर आपटत एक तरुण म्हणाला. "का शेतातलं जेवण चालत नाही अमरावतीवाल्याईले?"

"चालते की. वाढणारा बरा असला तर."

तो हसला. देवरावांचा धाकटा मुलगा, अश्विन. अकोल्याच्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये नोकरीला. त्यानं तिच्या पानात वांग्याची भाजी वाढली. तिनं पहिला घास घेतला आणि ती थबकलीच. केवढी खारट! तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणाचा चेहरासुद्धा हलला नव्हता. उलट अश्विननं पानाच्या कडेचं मीठ उचलून वरणावर भुरभुरलं.

"अजून मीठ?"

"चव तर आली पाहिजे ना!"

जेवणं झाली, सगळे निवांत टेकले. तिनं देवरावांचं प्रेशर मोजलं, मग यंत्राचा पट्टा अश्विनच्या दंडाला गुंडाळला.

"माझं कायले मोजता? एकोणतीस वर्षांचा गडी आहो मी."

आकडा आला. एकशे चौसष्ट, खाली एकशे चार. यंत्र बिघडलं असेल... तिनं पुन्हा मोजलं. तेच.

"तुमाले पाहून वाढलं असन," तो हळूच म्हणाला.

ती हसली नाही. आणि तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. प्रियदर्शनीनं समजावलं, "नुसतं वरचं मीठ नाही. लोणचं, पापड, शेव... मीठ तिथंही लपून बसते." अश्विननं सगळं सोडलं. दर आठवड्याला तो उपकेंद्रात यायचा. मोजायला दोन मिनिटं लागत. गप्पा मात्र चहा गार होईपर्यंत चालत. फक्त आकडा हलत नव्हता.

एका संध्याकाळी पट्टा सोडताना ती म्हणाली, "खरं सांगा. चोरून खाता ना?"

"नाही."

"हा आकडा खोटं बोलत नाही, अश्विन."

तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती... आणि तीही असा आळ घेत. त्यानं बाही खाली ओढली. "मंग मी खोटा. येतो."

पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. त्यानं गोळीही सोडली तर? आपण त्याला गमावलं तर? या दुसऱ्या प्रश्नानं ती स्वतःच दचकली. रविवारी ती थेट त्याच्या घरी गेली.

अंगणात अश्विन उभा राहिला. तोंड फिरवलं त्यानं. त्याच्या भावाची आठ वर्षांची पिंकी मात्र पाहुणीला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीवर वरण उकळत होतं.

"पहा मॅडम," अश्विनची आई जाईबाई म्हणाल्या, "मिठाचा डबा वर फळीवर ठेवला मी. या वरणात खडाभरही नाही."

प्रियदर्शनीनं चमचाभर वरण चाखलं. तिचे डोळे विस्फारले. वरण खारट होतं!

"पाणी कोणतं घालता?"

"प्यायले फिल्टरच्या पाण्याचा जार आणतो. सैपाकाले बोअरचं. खारं आहे, पण उकळलं का खार उडून जाते ना!"

तो सगळा मुलूखच खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणीच खारट. आणि जाईबाईंना जे वाटत होतं, तेच शेजारच्या घरांतही वाटत होतं.

"कुठं उडते आजी?" पिंकीनं विचारलं. "मले दिसत काहून नाही?"

प्रियदर्शनीनं कढईत बोअरचं पाणी ओतलं. पाणी खदखदलं, आटलं, वाफ छतापर्यंत गेली. कढई कोरडी झाली... आणि तळाला पांढराशुभ्र थर! जाईबाई कढईवर वाकल्या.

"अवो माय... हे चारून राहिली होती मी पोरायले?"

"यात दुसरेही क्षार आहेत," प्रियदर्शनी म्हणाली, "पण मीठ आहेच. पाणी वाफ होऊन जाते, मीठ खालीच राहते. सगळं धरून दिवसाला चहाच्या चमच्यानं एक चमचा मीठही जास्तच होते आपल्याला."

दारात अश्विन उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "मी तुमाले खोटं म्हटलं..."

"म्हटलं."

"चुकलं माझं."

"माफ करायले टाइम लागन," तो गंभीरपणे म्हणाला. "रोज येऊन इचारलं तं लवकर होईन."

त्या दिवसापासून स्वयंपाकालाही जारचं पाणी आलं. आधी सगळ्यांनाच जेवण अळणी लागलं. मग जाईबाई लिंबू पिळू लागल्या, लसणाची फोडणी वाढली, आणि काही आठवड्यांत जीभ सुधारली. तुरीच्या डाळीला तिची स्वतःची गोडी असते, हे त्या घराला नव्यानं कळलं. गोळी चालू होतीच. अश्विनचा आकडा उतरू लागला.

एका सकाळी अश्विनच्या घरी प्रियदर्शनीनं त्याच्या दंडाचा पट्टा सोडला आणि मनगट धरलं.

"आकडा तर छान आला. मग नाडी काहून पळून राहिली?"

"तुमी हात धरला म्हणून."

ती चमकली. कानाच्या पाळ्या तापल्या. "मग... सोडू?"

"नका सोडू. म्हणजे... कधीच नका."

तिनं मान खाली घातली. हात मात्र तसाच राहिला.

हे दाराआडून पिंकीनं पाहिलं. आणि ती अनवाणीच शेताकडे आजोबांना सांगायला धावत सुटली, वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत, "मॅडम काकाचा हात सोडूनच नाही राहिल्या!"