लोकेंद्रचा खरखरणारा सूर्य

"पहिला स्फोट माझाच!" लोकेंद्र खुर्चीवर चढून ओरडला.

योगेश्वरीचा नुसता जळफळाट झाला. मे महिन्याच्या सुट्टीत बकाराम सरांनी देवरीजवळच्या शाळेत सूर्याचा आवाज ऐकायचं केंद्र उभारलं, तेव्हा गच्चीवर बांबू रोवले कोणी? अँटेनाची तार ताणली कोणी? हिनं! आणि हा आतेभाऊ गोंदियाहून परवा येतो काय, आयता खुर्चीत बसतो काय, अन् याच्याच नशिबात 'खर्रर्र' काय! सूर्यावर स्फोट झाला की त्याच्या रेडिओ लहरी इथवर येतात, स्पीकर बोलतो, कॉम्प्युटरवर रेघ उसळते. पहिला स्फोट पकडणारा सरांबरोबर नागपूरच्या विज्ञान मेळाव्याला जाणार होता. एकटाच!

"जळून राहिली का वो?" लोकेंद्रनं चिडवलं.

"जळते माझी चप्पल!"

पण ती जळतच होती. त्याच्याहून मोठा स्फोट पकडायचा म्हणून ती संध्याकाळी हट्टानं केंद्रातच बसून राहिली. वारा सुटला आणि स्पीकर खरखरला. रेघ उसळली! ती आनंदानं खिडकीकडे धावली आणि थबकलीच. दिवस तर बुडाला होता!

"लोक्या! सूर्य घरी गेला, मग खरखरून कोण राहिलं?"

लोकेंद्रचं तोंड उतरलं. त्याच्या स्फोटाच्या वेळीही असाच वारा सुटला होता. सरांचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन दोघं बाहेर पडली. तीच खरखर त्यातही येत होती आणि बांधावरून पुढे जावं तशी वाढत होती. एका विजेच्या खांबाखाली तर ट्रान्झिस्टर किंचाळायलाच लागला. वर तारेवर वीज चोरायला आकडा टाकलेला! वाऱ्यानं तो हलत होता, ठिणग्या खाली पायवाटेवर पडत होत्या. आकड्याची वायर ज्या मोटरीला गेली होती, ती योगेश्वरीच्या बाबांची होती.

"मामाजीची मोटर!" लोकेंद्र कुजबुजला. "कोणाले नको सांगू यार! माझा स्फोटबी राहते, मामाजीचंबी झाकते."

योगेश्वरीला रडूच फुटलं. बाबांची चोरी गावभर कळणार! पण उद्या कोणी विजेला चिकटलं म्हणजे? आणि हा नागपूरला मिरवणार? छे! ती तडक घरी पळाली.

"बाबा, चला, सूर्य ऐकवते!"

तिचे बाबा, पुरनलाल, हौसेनं निघाले; मागोमाग लोकेंद्रही आला. खांबाजवळ त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला. "वा! भलताच ओरडते ना सूर्य!"

"बाबा, दिवस बुडाला. वर पाहा."

त्यांनी वर पाहिलं. आकडा चरचरला.

"कायले आले तुम्ही इथं?" ते ओरडले, आणि दोघांना ओढून त्यांनी आधी पायवाटेवरून लांब नेलं. मग ते एकटेच लाईनमनच्या घराकडे निघाले. सकाळपर्यंत आकडा निघालेला होता, आणि योगेश्वरीनं सरांना खरखरीचं खरं कारण सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसाट्याचा वारा होता, तरी स्पीकर शांत होता. आणि मग सुपातून धान ओतावं तसा आवाज हळूहळू चढत गेला.

"सूर्य!" दोघं एकदम ओरडली.

"मी आधी!"

"मी!"

"दोघांनीही ऐकला," बकाराम सर हसले. "पण नागपूरला योगेश्वरी येईल. सूर्य कोणालेबी ऐकू येते. घरचा आकडा ऐकून कान न झाकणं कठीण असते."

दारात पुरनलाल खाकरले. "पोरीनं चोर पकडला, सर. तिले गाडीवर पोचवायले हा चोरच येईन." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लोकेंद्रनं तोंड फुगवलं.

"जळून राहिला का रे?" योगेश्वरीनं विचारलं.

"हो!" लोकेंद्र म्हणाला.