झाकणवाला

"झाकण आधी डावीकडे फिरवायचं. काम झालं की उजवीकडे. घट्ट लावा... पण उघडायला लॅबवाल्यांना हातोडा लागेल इतकं नको."

आमची पहिली भेट ही अशी. चांदणं नाही, फुलं नाहीत. कॉलेजच्या आरोग्य केंद्रातली एक खोली, हिरवा पडदा आणि लघवीची रिकामी बाटली उंच धरून उभा असलेला एक लांबलचक मुलगा. लैंगिक आजारांच्या तपासणीचा आठवडा चालू होता. आम्ही चार-पाच जण खाली माना घालून बसलो होतो आणि तो स्वयंसेवक आम्हांला सगळं समजावून सांगत होता. झाकण, रक्त, निकाल कधी, नियम काय... त्यातलं मी झाकणापुरतंच ऐकलं. नंतर मी त्याच्या कानांकडे बघत राहिले. बोलताना ते लाल लाल होत होते, तरी गडी थांबायला तयार नव्हता.

तिथे नावं विचारत नसत, नुसते नंबर देत. म्हणून मी मनातल्या मनात त्याचं बारसं उरकून टाकलं – झाकणवाला.

मी आले होते एका फोनमुळे. "माझ्या तपासणीत काहीतरी निघालंय, तूही करून घे," एवढंच बोलून माझ्या आधीच्या मित्राने फोन ठेवला होता. आमचं सगळं कधीच संपलं होतं. जाताना तो हे माझ्याकडे ठेवून गेला असेल की काय, या विचाराने माझी झोप उडाली होती.

भीतीने माझं सगळंच आटलं होतं. बाटली घेऊन आत गेले, तशीच परत आले.

"नाही... झाली," मी पुटपुटले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

"होतं असं." त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "हळूहळू प्या. घाई कुणाला आहे?"

"मला आहे."

"मग दोन ग्लास प्या."

मला हसू फुटलं, पाणी ओढणीवर सांडलं. त्याने मुकाट्याने कापूस आणून दिला, तोही अख्खा गठ्ठा.

"सगळ्यांची अशीच सेवा करता?"

"नाही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाकीच्यांना नळ दाखवतो."

त्याचे कान पुन्हा पेटले. माझेही पेटले असावेत, पण ते केसांखाली होते, नशीब!

रक्त देताना सुई बघून मी हात मागे ओढला, तेव्हा त्याने खिशातून एक काळा गुळगुळीत दगड काढून माझ्या मुठीत ठेवला. त्याच्या खिशाची ऊब अजून त्यात होती.

"सुई टोचली की याला दाबायचं. शिव्या दिल्या तरी चालतील."

"खिशात दगड घेऊन फिरता?"

"भूगर्भशास्त्र शिकतो. आमच्याकडे हीच पुस्तकं."

त्या गडबडीत दगड माझ्याच मुठीत राहिला. घरी पोचल्यावर लक्षात आलं... आणि खरं सांगू? आनंदच झाला. परत करायला भेटावं लागणार होतं ना!

भेट लगेच झाली. वाचनालयाच्या जिन्यावर तो समोरून आला. मी हसायच्या बेतात होते – आणि त्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं. नंतर कॅन्टीनमध्ये. मग बसथांब्यावर. दर वेळी तो मला बघायचा, आणि बघितलं की बूट, आभाळ, विजेचा खांब, काहीही निरखत बसायचा.

मी काय समजायचं ते समजले. मी तिथे का आले होते, हे त्याला माहीत होतं. आत पाणी पाजणं हे त्याचं काम. बाहेर असल्या मुलीशी कोण बोलणार? फार लागलं मला ते. तरीही जिना चढताना माझे डोळे त्यालाच शोधायचे, आणि उशीखालच्या दगडावर हात ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

मी मावशीकडे राहायचे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"ताटात लक्ष कुठंय गं तुझं? कुणी मुलगा आहे का?"

"मुलगा कसला, दगड आहे नुसता."

"बरंय की. दगड उलटून बोलत तरी नाहीत."

"तेच तर दुःख आहे, मावशी."

निकालाच्या दिवशी केंद्रातल्या सिस्टरनी मला समोर बसवलं. "एक संसर्ग निघालाय. गोळ्यांनी बरा होतो. आठवडाभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. तोवर कुणाशी संबंध नाहीत. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बाकी सगळं ठीक आहे... अगं, रडतेस कशाला? बरं होणार आहे ना?"

"त्यासाठी नाही..." आणि मी सगळं ओकून टाकलं. "तुमचा तो उंच मुलगा बाहेर ओळखसुद्धा देत नाही हो!"

सिस्टरनी चष्मा काढला. "मग काय करेल बिचारा? इथला नियमच आहे तो. इथे भेटलेल्या माणसाला बाहेर आपण होऊन ओळख द्यायची नाही. शेजारी उभं असलेलं कुणी विचारलं, तुम्ही कुठे भेटलात, तर? समोरच्याने हाक मारली तरच बोलायचं. बाटलीचं सांगून झालं की तोच सांगतो की हे सगळ्यांना."

"मी... झाकणापर्यंतच ऐकलं होतं."

सिस्टर इतक्या हसल्या की बाहेरच्या रांगेने डोकावून बघितलं.

मला मात्र हसू येईना. हाक मीच मारायची होती, आणि नेमकं आताच माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं हे असं काहीतरी होतं. गोळ्या संपेपर्यंत थांबावं? काहीच न सांगता हसून दगड द्यावा? तसं केलं असतं तर त्या फोनवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? त्याने निदान फोन तरी केला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर तो आला. नजर भिंतीवर.

"ए झाकणवाल्या!"

अख्खा जिना वळला. तो जागच्या जागी थिजला, मग त्याचे कान... सांगायलाच नको.

मी त्याला खिडकीपाशी नेलं. दगड पुढे केला, पण मूठ उघडली नाही.

"आधी ऐक. माझ्या तपासणीत संसर्ग निघालाय. बरा होणारा आहे, गोळ्या चालू आहेत. तू विचारलं नाहीस, माहितीय. पण मला तू आवडतोस. फार आवडतोस. म्हणून हे तुला आधी कळायला हवं. आता जायचं तर जा."

त्याने आधी माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"गोळ्या जेवल्यावर घेतेस ना?" शेवटी त्याने विचारलं. "उपाशीपोटी मळमळतं त्यांनी."

"...एवढंच?"

"नाही." त्याने दगडासकट माझी मूठ हातात घेतली. "वाचनालयाच्या जिन्यावर तू मला रोज बघायचीस ना?"

"हो. आणि तू भिंत बघायचास."

"आमच्या विभागाचं वाचनालय वेगळं आहे. नदीपलीकडे." तो हळूच हसला. "माझी बसही तुझ्या थांब्यावर येत नाही. ओळख द्यायची मनाई होती गं... समोरून जायची नव्हती."